रिकाम्या देवळातली मथुरा

मथुरेला बाजारात कोणी विचारलं, "कामाक खंय आसस गो?" की ती सांगे, "कालेजात." मग विचारणाऱ्याचे डोळे जरा मोठे होत. ते पुरेसे मोठे झाले याची खात्री करून घेऊन ती सावकाश पुढे जोडी, "केर काढूक." एवढ्याशा थट्टेने तिचा दिवस चांगला जाई. नवरा बेपत्ता झालेल्या बाईने थट्टामस्करी करू नये असा वाडीचा एक न लिहिलेला नियम होता. पण लिहिलेले नियम मथुरेला वाचता येत नव्हते आणि न लिहिलेले तिला पटत नव्हते, त्यामुळे दोन्ही तिच्या बाबतीत फुकट गेले.

कॉलेज म्हणजे प्राथमिक शाळांचे मास्तर घडवणारं ट्रेनिंग कॉलेज. मालवणपासून तास-दीड तासाच्या चालीवर, खाडीच्या तोंडाशी रेवळवाडी आहे. तिच्या माथ्यावरच्या कातळाच्या सड्यावर छप्पन साली ते उभं राहिलं. मुंबईत नशीब काढलेल्या वाडीच्याच एका शेटने पैसा दिला, आणि देताना एक अट घातली. कॉलेजात प्रार्थनेची एक जागा असावी, आणि ती सगळ्यांची असावी, कुणा एका देवाची नसावी. त्याप्रमाणे सड्याच्या टोकाला चिऱ्याची एक लांबट इमारत झाली. वर कौलं, तिन्ही बाजूंनी ओसरी, आत चटया. समोरची भिंत कोरी. मूर्ती नाही, तसबीर नाही, क्रूस नाही, काही नाही. कॉलेजच्या कागदांत तिचं नाव प्रार्थनामंदिर. वाडीने दोन दिवस ती कोरी भिंत बघितली आणि तिचं नाव ठेवलं, रिकामा देऊळ. शेटचे पैसे मूर्तीपर्यंत पोचलेच नाहीत, असंही काहींचं मत पडलं.

त्या रिकाम्या देवळाची झाडलोट मथुरेकडे आली, आणि तिला वाटलं, बरं झालं. भरलेल्या देवळांशी तिचं फारसं जमत नव्हतं.

त्याचं असं होतं. तिचा नवरा काशीराम गलबतावर खलाशी होता. एक्कावन्न साली उन्हाळ्याच्या अखेरीला मंगळुराहून कौलांचे नळे भरून विजयदुर्गाकडे येणारं त्यांचं गलबत गोव्याच्या समोर वादळात सापडलं. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याला फळ्या लागल्या, दोन माणसं लागली, ती ओळखली गेली. बाकीच्यांचं काहीच लागलं नाही. काशीराम त्या बाकीच्यांतला. थोड्याच दिवसांत बातमी आली की बुडणाऱ्यांतल्या काहींना पलीकडच्या होड्यांनी उचललं आणि गोव्याच्या फिरंग्याने त्यांना तुरुंगात घातलं. बातमी कोणी आणली ते कुणालाच नक्की सांगता येईना. पण समुद्राकाठच्या बायकांना एवढी बातमी पुरते, आणि मथुरेला ती पुरली.

तेव्हापासून ती सवाष्णही नव्हती आणि विधवाही नव्हती. गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळाला कुंकू होतं, पण चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिच्यासमोर येताच बायकांचे हात घुटमळत. ओटी भरावी तर भलतंच काही व्हायचं, न भरावी तर तिच्या नवऱ्याला आपल्याच हाताने मारल्यासारखं व्हायचं. नारळी पुनवेला नाखवांच्या बायका समुद्राला नारळ घालत तेव्हा ती मागे वाळूत उभी राही. कोणी तिला "ये" म्हणत नसे आणि कोणी "जा" म्हणत नसे. एखाद्या शिवीपेक्षा ते जास्त लागे. रिकाम्या देवळात असलं काहीच नव्हतं. तिथे कोण सवाष्ण, कोण विधवा हे विचारायला देवच नव्हता.

कॉलेजचे प्राचार्य भाई खोत मूळचे खारेपाटणकडचे. पांढरा सदरा, धोतर, आणि बोलणं पुस्तकातल्यासारखं. त्यांनी दर गुरुवारी संध्याकाळी सामुदायिक मौन सुरू केलं. विद्यार्थी चटयांवर बसत, डोळे मिटत, आणि थोड्या वेळाने उठून जेवायला जात. वाडीची माणसं ओसरीवर उभी राहून बघत. इतकी तरणीताठी पोरं काही न बोलता बसलेली त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

एका गुरुवारी लवू घाडीला ते सोसवेना. लवू हा गावच्या देवळात देवापुढे गाऱ्हाणं घालणारा पिढीजात घाडी. माणसं मुकी बसलीत आणि आपल्यासारखा घाडी ओसरीवर उभा आहे, याची त्याला लाज वाटली असावी. तो तडक आत गेला, कोऱ्या भिंतीसमोर उभा राहिला आणि हात जोडून खणखणीत आवाजात म्हणाला, "बा देवा म्हाराजा! तुझा नाव आमका कोणी सांगूक नाय. तू जो कोण आसशीत तो आस. ही पोरां आज तुझ्या दारात गप बसली आसत. तेंका काय व्हया ता तेंच्या तोंडातसून येना नाय. तर ता तूच समजान घे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ओसरीवरून सवयीने सगळे ओरडले.

पोरांना हसू आवरेना. लवूने तिकडे लक्ष दिलं नाही. "जी कोण घरापासून लांब आसत, म्हमयत, बोटीवर, परमुलखात, तेंका सुखरूप घराक हाड, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी हसणाऱ्या पोरांपैकी बऱ्याच जणांच्या तोंडूनही ते निघालं. त्यांतले कितीतरी लांबचे होते आणि त्यांना घरची आठवण येत होती. भाईंनी लवूला थांबवलं नाही. नंतर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, पुढच्या गुरुवारी याल का?

असा तो पायंडा पडला. आधी भाईंचं मौन, मग लवूचं गाऱ्हाणं. लांब असलेल्यांसाठी म्हणून ज्याला जे नाव घ्यायचं ते त्याने घ्यावं, आणि सगळ्या सभेने त्यावर "व्हय म्हाराजा" म्हणावं. ज्यांचं कोणी लांब नाही असं घर त्या किनाऱ्याला सापडायचं नाही. कोणाचा झील मुंबईला गिरणीत, कोणाचा बाप बोटीवर, कोणाची लेक दिलेल्या घरी. वाडीची माणसं ओसरीवरून आत आली. कॉलेजची बाकं करणाऱ्या पेद्रू सुताराची बायको आपल्या आफ्रिकेतल्या भावासाठी येऊ लागली. हसन तांडेल आधी बाहेर वहाणा धरून उभा राही, मग तोही दाराशी बसू लागला. त्या जागेत पुढे देवी टोचल्या गेल्या, जाळ्यांची भांडणं मिटली, दोन सोयरिकी जुळल्या आणि एक मोडली. गावच्या देवळात ज्यांना पायरीवरून वर यायला बंदी होती तीही माणसं इथे चटईवर बसली. त्यावरून थोडी कुरकुर झाली, पण इथे बाटायला कोणी नाही म्हटल्यावर कुरकुर करणारे काय करणार?

मथुरा पहिल्यांदा बोलली तेव्हा हातात केरसुणी होती. सगळी नावं झाली, लवू आटोपतं घेत होता, आणि ती दाराशी उभी राहून म्हणाली, "आणि काशीराम."

पेद्रूच्या बायकोने सुरुवात केली आणि सगळी सभा म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

नवरा हरवल्यापासून त्याचं नाव तिच्यासमोर कोणी घेत नव्हतं. घेतलंच तर आवाज खाली करून, मेलेल्याचं घ्यावं तसं. आणि इथे साठ-सत्तर माणसं एका आवाजात, भर उजेडात सांगत होती की व्हय, तो लांब आहे, तो येऊ दे. मथुरा त्या दिवशी घरी गेली ती जमिनीवर पाय नसल्यासारखी. पुढे तिचा आठवडा गुरुवारपासून गुरुवारपर्यंत जाऊ लागला.

एकसष्टच्या डिसेंबरात कॉलेजचा रेडिओ रिकाम्या देवळाच्या ओसरीवर आणून ठेवला गेला. फिरंगी गेला, गोवा सुटला, ही बातमी सगळ्या वाडीने तिथेच ऐकली. पोरं नाचली, हसन तांडेलने सगळ्यांना गूळ वाटला. मथुरा एकटी घरी पळाली. तिने घर सारवलं, काशीरामाची वळकटी उन्हात घातली, आणि धाकटा दीर बाबू याला गोव्याला पिटाळलं. बाबू आठवड्याने परत आला तो एकटाच. तुरुंगातून सुटलेल्यांत, सुटलेल्यांनी सांगितलेल्यांत, कुठेच काशीराम नव्हता. कुणी त्याचं नावही ऐकलं नव्हतं.

"वयनी, थंय कोण नाय," बाबू खाली बघत म्हणाला.

"मगे दुसरीकडे खंय तरी आसतलो," मथुरा म्हणाली, आणि वळकटी आत नेऊन ठेवली.

त्या दिवसापासून वाडीच्या लेखी काशीराम मेला. गुरुवारी त्याच्या नावावर "व्हय म्हाराजा" येई, पण त्यातला जोर गेला होता. मथुरेला ते कळत होतं. ती नाव मात्र घेतच राहिली.

बेपत्ता माणसाची वाट बारा वर्षं बघायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि त्याच्या नावाने पाणी सोडायचं, ही रीत. त्रेसष्ट साली बारा वर्षं भरली. सासू रुक्मिणी पंचाहत्तरीच्या घरात पोचली होती. डोळे अधू झाले होते, जीभ शाबूत होती. ती एके दिवशी दुपारी चुलीपाशी येऊन बसली.

"मथुरे, तेचा करूक व्हया आता."

"कोणाचा?"

"तुका ठावक आसा कोणाचा."

म्हातारीने पदराने तोंड पुसलं. "रोज सपनात येता माझ्या. दारात उभो रवता नि पाणी मागता. इतक्या दर्यात आसा नि तहानलेलो आसा माझो झील. मी मेलंय तर तेका कोण पाणी देतलो?"

"माझ्या सपनात तो पेज मागता," मथुरा ताडकन म्हणाली. "मेलेलो माणूस पेज मागणा नाय. जितोच मागता."

दोघी दोन स्वप्नं घेऊन एकाच चुलीपाशी बसून राहिल्या. मथुरा काही दगडाची नव्हती. म्हातारी रोज तिन्हीसांजेला दाराबाहेर पाण्याने भरलेला तांब्या ठेवते, हे ती कधीपासून बघत होती. पण हिची तहान भागवायची तर आपला माणूस आपल्याच तोंडाने मेला म्हणायचा. तो उद्या परत आला तर कोणत्या तोंडाने दार उघडायचं?

बाबूने गावच्या देवळात कौल लावला. देवाच्या अंगावर फुलांचे ओले कळे चिकटवायचे आणि प्रश्न विचारायचा. उजवा कळा पडला तर हो, डावा पडला तर नाही. उजवा पडला. क्रिया करा, असा देवाचा हुकूम झाला.

"तो गावाचो देव," मथुरा म्हणाली. "तेका गावाचाच बरा दिसतला. मी माझ्या देवळात विचारतंय."

आणि तिने खरोखरच विचारलं. दुपारी पोरं वर्गात असताना ती फुलांचे ओले कळे घेऊन रिकाम्या देवळात गेली, आणि कोऱ्या भिंतीला एक उजवीकडे, एक डावीकडे असे चिकटवून हात जोडून बसली. त्या कामाला असतो तो काळा, गुळगुळीत पाषाण. इथली भिंत चिऱ्याची. चिऱ्याला भोकंच भोकं. कळे त्या भोकांत जाऊन बसले ते बसलेच. ना उजवा पडला, ना डावा. ऊन ओसरीवरून उतरून गेलं तरी मथुरा तशीच बसली होती. तेवढ्यात भाई खोत आत आले. कोऱ्या भिंतीवर दोन फुलं आणि समोर केरवाली, हे बघून काय झालं असावं ते त्यांना कळलं. तेही याच मुलखातले होते.

"मथुराबाई, या भिंतीत कोणी नाही हो," ते हळूच म्हणाले.

"माका ठावक आसा, भाईनू. कोण नाय म्हणानच विचारलंय. जो आसता तो कोणाच्या तरी बाजूचो आसता."

भाई म्हणाले, "इथे उत्तर मिळत नाही. इथे आपण फक्त बसायचं."

"बसान काय करूचा? बसान बसान बारा वर्सां झाली."

भाई चटईवर तिच्यापासून थोड्या अंतरावर बसले, आणि तिने कळे काढेपर्यंत बसून राहिले. ते प्राचार्य आणि ती झाडूवाली, पण त्या घडीला दोघांनाही काही सुचत नव्हतं, एवढं मात्र सारखं होतं. वाट उतरताना मथुरेला वाटलं, कोणी तरी आपल्यासाठी या क्रियेला नाही म्हणायला हवं होतं. तेवढीच तिची इच्छा होती.

ती घरी पोचली तेव्हा म्हातारी दाराबाहेर चाचपडत तांब्या ठेवत होती. निम्मं पाणी सांडलं होतं. सांडलेलं पाणी बघून ती लहान मुलासारखी रडायला लागली. तिला वाटलं, सांडलं म्हणजे आज त्याला मिळणार नाही. मथुरेने तांब्या पुन्हा भरून आणला, जागेवर ठेवला, आणि म्हणाली, "करूया, आये. तुका व्हया तसा करूया."

क्रिया किनाऱ्यावर झाली. दर्भाचा माणूस केला, त्याला जुन्या धोतराचा तुकडा गुंडाळला, अग्नी दिला. बायकांनी मथुरेच्या बांगड्या उतरवल्या, मंगळसूत्र काढलं, कुंकू पुसलं. सगळं तिने करू दिलं, पण त्या सगळ्या दिवसांत तोंडातून एक अक्षर काढलं नाही. भटजींनी दोनदा सांगूनही "माझो घोव गेलो" हे शब्द ती म्हणाली नाही. तेराव्याचं जेवण सगळी वाडी जेवली, लवू घाडीही जेवला. तांब्या दाराबाहेर ठेवायचं म्हातारीने सोडलं. स्वप्न पडायचंही थांबलं म्हणाली. मथुरेला बरं वाटलं, आणि तिच्या स्वतःच्या स्वप्नात काशीराम अजून पेज मागत होता ते तिने कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या गुरुवारी मथुरा कामाला निघाली तशी म्हातारी काठी घेऊन उभी राहिली. "माका पण व्हर."

"खंय?"

"तुझ्या त्या रिकाम्या देवळात."

सात वर्षांत ती कधी वर आली नव्हती. देव नसलेल्या ठिकाणी काय जायचं, असं तिचं म्हणणं. मथुरेने तिला धरून धरून सड्यावर नेलं, पेद्रूच्या बायकोशेजारी बसवलं आणि आपण दाराशी उभी राहिली. मौन झालं. लवूचं गाऱ्हाणं सुरू झालं. म्हमयतलो सत्यवान, व्हय म्हाराजा. बोटीवरचो जुझे, व्हय म्हाराजा. दिल्ल्या घरची जानकी, व्हय म्हाराजा. नावं संपली. मथुरा काही बोलली नाही, आणि ती बोलणार नाही हे धरूनच लवू आटोपतं घ्यायला लागला.

"लवू," म्हातारीचा आवाज आला. "काशीराम रवलो. माझ्या काशीरामाचा नाव घे."

लवू घाडी जोडलेले हात खाली घेऊन भिंतीकडून मागे वळला. हे गाऱ्हाणं लांब असलेल्यांचं, परत येणाऱ्यांचं. ज्याच्या तेराव्याला आपण जेवलो त्याला घरी आण म्हणून कसं सांगायचं? बाबू उठून आईकडे यायला लागला, तशी म्हातारीने काठी आपटली. "घे म्हणतंय ना! पाणी पिऊन गेलो, तो परत येवक नाय. सपनात सुद्धा येणा नाय. तेका सांग, आवस वाट बघता. घराक ये म्हणान सांग!"

सगळी सभा मथुरेकडे बघायला लागली. तिने मान हलवली असती तर लवूने नाव घेतलं असतं, आणि तिथल्या एकूण एक माणसाने, हसन तांडेलपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत, छाती फुटेस्तोवर हो म्हटलं असतं. मथुरेला ते हवं होतं. जगात तिला दुसरं काहीच नको होतं. काशीराम पुन्हा जिवंत झाला असता, आणि तोही त्याच्या आईच्या तोंडून.

पण वाट बघणं काय असतं ते तिथे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? दर सावलीला दाराकडे बघायचं, दर होडीला उठून उभं राहायचं. ते तिने तरुण हाडांवर काढलं होतं. ही म्हातारी आजपासून ते सुरू करणार, आणि कशाच्या जोरावर?

ती चटया ओलांडून पुढे गेली आणि सासूपुढे बसली. तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"आये, काशीराम मेलो."

म्हातारीने अधू डोळे तिच्यावर रोखले. "तू बघलंस तेका?"

"बघलंय."

"तुझ्या डोळ्यांनी?"

"माझ्या डोळ्यांनी बघलंय, आये. शांत होतो. तहानलेलो नाय होतो."

हे खोटं आहे हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि कोणी हूं की चूं केलं नाही. म्हातारीने हळूहळू मान हलवली. मग ती मथुरेच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि बारा वर्षं डोळ्यांतून टिपूस न काढलेली मथुराही तिला धरून सगळ्यांसमोर मोठ्याने रडली. आपल्या माणसासाठी रडायला तिला आज पहिल्यांदा मोकळीक झाली होती, आणि ती तिने स्वतःच्याच तोंडाने, त्याला मारून, मिळवली होती.